उत्तरेची खिडकी

१४ जून

घुबडबाई,

फोन तू उचलत नाहीस. ईमेल केली तर तुझ्या संस्थेचं यंत्रच उत्तर देतं, संदेश मिळाला म्हणून. म्हटलं, कागदच बरा. फाडून टाकायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

बातमी तुला कळलीच असणार. नव्या संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळांचं काम आमच्या ऑफिसला मिळालंय. वशिल्यानं नाही, स्पर्धेत मिळालं. काम हातात आल्यावर संचालकांनी बैठकीत एकेका विभागाच्या प्रमुखांची नावं वाचून दाखवली. सूक्ष्मदर्शक विभागापुढे तुझं नाव आलं आणि मी हातातला कप खाली ठेवला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मी माहेरचं आडनाव लावते त्यावरून तुझ्या आत्यानं जन्मभर टोमणे मारले, पण त्या दिवशी त्याचा उपयोग झाला.

म्हणजे इमारत पूर्ण झाली की तू ह्या शहरात परत येणार. मी बांधणार आणि तू तिथे रोज जाऊन बसणार. घरी नाही आलीस तरी माझ्या भिंतींच्या आत असशील. इतकं आयतं दान पदरात पडलंय आणि मी ते वाया घालवीन असं वाटत असेल, तर तू आईला ओळखलं नाहीस.

काल तुझ्या विभागाच्या गरजांचा तक्ता आला. 'मा. वास्तुविशारद यांस.' मला हसू आलं. बाबा गेल्यानंतर तू मला लिहिलेली ही पहिली अक्षरं, आणि मी मा. वास्तुविशारद! तापमान जराही हलता कामा नये, कारण चित्र सरकतं. जमीन हादरता कामा नये, कारण चित्र थरथरतं. लिफ्ट आणि विजेच्या जाड तारा लांब हव्यात, कारण त्यांच्या ओढीनं चित्र वाकडं होतं. सगळ्याची कारणं दिलीस. शेवटची ओळ मात्र दोनच शब्दांची. 'खिडकी नको.'

हे यंत्रासाठी नाही लिहिलेलं, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही गं.

आई


२९ जुलै

घुबडबाई,

उत्तर आलं नाही, येणार नव्हतंच. मी आपली लिहीत राहते.

इमारत कशी आहे ते सांगते. नकाशे तुझ्याकडे आलेत, पण नकाशात माझा आवाज नसतो. समोरासमोर दोन लांब हात, मधे अंगण, आणि टोकाला दोन्हींना जोडणारा मोठा जिना. प्रयोगशाळांना मधे भिंती नाहीत. टेबलांना चाकं आहेत. गॅस, पाणी, वीज सगळं छतातून खाली येतं. आज तिथे रसायनवाले बसले आणि उद्या जीवशास्त्रवाले आले, तर टेबलं ढकलायची, भिंत फोडायची नाही. दोन मजल्यांमधे एक बुटका मजला आहे, त्यात नुसते पाइप आणि हवेच्या वाहिन्या. दुरुस्तीवाला वरच्यावर काम करून जाईल, खाली कुणाच्या कामात पाऊल पडणार नाही. चहाची जागा मी मुद्दाम एकच ठेवलीय, जिन्याच्या वळणावर. शास्त्रज्ञ म्हणजे मुखदुर्बळ जात. त्यांना चहासाठी तरी एकमेकांची तोंडं बघायला लावावी लागतात.

आणि सगळीकडे काच. अंगणाच्या दोन्ही बाजूंना काच.

तुझी खोली तेवढी वेगळी. ती तळमजल्यावर, दक्षिणेकडच्या हातात आहे. तिची जमीन म्हणजे काँक्रीटचा एक जाडजूड ठोकळा, स्वतःच्या पायावर उभा आणि चारही बाजूंनी इमारतीपासून कापलेला. मधल्या फटीत मऊ भरण. बाहेर कुणी धावलं तरी तुझ्या यंत्राला कळणार नाही. ही फट मी स्वतः काढली. काढून झाल्यावर कागदाकडे बघत बसले, कारण तुझी खोली माझ्या इमारतीला कुठेच टेकत नव्हती.

अंधाराचं वेड तुला तुझ्या बाबांचं. घरातली ती मधली खोली, तो लाल दिवा, दोरीला चिमट्यांनी लटकवलेले ओले फोटो, आणि तुम्ही दोघं आत तासन् तास. मी हाका मारून दमायची. 'उजेडात ये गं, डोळे फुटतील.' एकदा मी सरळ दार उघडून आत आले, आणि एका अख्ख्या शाळेचे वर्गांचे फोटो काळे पडले. बाबा रागावले नाहीत. त्यांनी फक्त आतून कडी बसवायला काढली. मी बसवू दिली नाही. नवराबायकोच्या घरात कड्या कशाला, मी म्हणाले. तुला आठवत असेल, कारण तू हातात स्क्रू घेऊन उभी होतीस.

ते गेल्यावर ती खोली तशीच कोंडून ठेवून मी काय आरती ओवाळायची होती का तिची? आयुष्यभर लोकांच्या घरांत उजेड आणला, आणि माझ्याच घराच्या मधोमध ते काळं तोंड. फोडली भिंत, पाडली खिडकी. तुला आधी सांगायला हवं होतं म्हणतेस. पण तू बघितलंस कुठे नीट? दारात उभी राहिलीस, पायातले बूटही काढले नाहीस, आणि बॅग उचलून निघालीस. संध्याकाळचं किती सुंदर ऊन येतं तिथे, ते बघायला थांबली असतीस तर.

आई


११ नोव्हेंबर

घुबडबाई,

तुला ऐकून राग येईल, तरी माझ्याच तोंडून ऐक. तुझ्या खोलीला खिडकी दिलीय.

ओरडू नकोस, आधी पुढचं वाच. उत्तरेची आहे, अंगणाकडे उघडणारी. उत्तरेकडून थेट ऊन सहसा येत नाही, येतो तो नुसता शांत उजेड. काच तिपदरी, उघडत नाही, आतून काळा पडदा. लहानशीच आहे. तू दिवसभर यंत्राच्या पडद्यावर अणू मोजत बसणार, कधीतरी मान वर केलीस तर एखादं झाड दिसलं पाहिजे की नको?

आमचा हवावाला तेवढा अडून बसलाय. इमारतीतली हवा कुठून आत येणार आणि कुठून बाहेर जाणार हे तो बघतो, म्हणून ऑफिसात त्याला सगळे हवावालाच म्हणतात. पंधरा वर्षं माझ्यासोबत आहे, पण कुणाची भीड ठेवत नाही.

"बाई, यंत्राला भिंत दिली की यंत्र खूश. मी खूश. तुम्ही ही खिडकी कुणासाठी काढताय?"

"आत बसणाऱ्या माणसासाठी."

"आत बसणारी तर नको म्हणतेय. स्वच्छ लिहून दिलंय तिनं."

"तिला काय कळतंय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला संशय आला असावा. मग चष्मा पुसत म्हणाला, "तिची खोली आहे, तिला नाही कळत तर कुणाला कळणार?" मी त्याला दुसऱ्या कामाला लावलं.

संचालकांना पटवायला वेळ लागला नाही. नवी प्रयोगशाळा म्हणजे तळघर नव्हे, मोकळेपणा दिसला पाहिजे, वगैरे मी बोलले. मी बोलायला लागले की समोरचा सही करतो, हे तुझे बाबाच म्हणायचे. कौतुकानं म्हणायचे की कसं, ते मी कधी विचारलं नाही.

तुझा नवा तक्ता आज आला. 'खिडकी नको. आधीचा मुद्दा कायम.' सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तुझाही आणि माझाही.

आई


२२ मार्च

तू काल स्वतःच तिथे होतीस, तेव्हा तुला पुन्हा काय सांगायचं? तरी माझ्या बाजूनं कसं दिसलं ते सांगते.

पिवळं हेल्मेट घालून तू सगळ्यांच्या मागे चालत होतीस. केस पांढरे झालेत गं, कानाजवळ. मला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण? मी पुढे चालत सगळ्यांना छतातल्या वाहिन्या दाखवत होते आणि एकही वाक्य धड पुरं होत नव्हतं. हवावाल्यानं दोनदा माझी वाक्यं पुरी केली.

तुझ्या खोलीत आल्यावर तू आधी जमिनीकडे बघितलंस. खाली बसलीस, त्या फटीत बोट घातलंस, आणि म्हणालीस, "हे छान केलंय." तीनच शब्द, पण कौतुकाचे. मग तू वर बघितलंस. भिंतीत चौकोन होता, अजून काच बसायची होती, पलीकडे अंगणातला मातीचा ढीग दिसत होता.

"मॅडम, ही खिडकी कुणी मागितली?"

मॅडम! मी म्हणाले, "उत्तरेची आहे. ऊन येणार नाही."

"मी विचारलं, मागितली कुणी?"

संचालक मधे पडले, म्हणाले, किती प्रसन्न वाटतं नाही? तू त्यांच्याकडे बघून हसलीस. तुझं ते हसू मला माहीत आहे. लहानपणी मी तुझ्या ताटात न विचारता भात वाढला की तू असंच हसायचीस आणि भात तसाच राहायचा.

बाहेर पडताना तू माझ्याजवळून गेलीस आणि हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणालीस, "आई, अजूनही बुजवता येईल. काच बसायच्या आत सांग त्यांना."

तू मला आई म्हणालीस. ते इतक्या दिवसांनी ऐकलं की पुढचं वाक्य माझ्या कानापर्यंत पोचलंच नाही. घरी येऊन जेवताना ते आठवलं. आणि आठवल्यावरही मी ऑफिसात फोन केला नाही. वाटलं, बसून बघेल तेव्हा आवडेल. एकदा आवडली की सगळंच सोपं होईल, घरातली खिडकीसुद्धा.

काच पुढच्या आठवड्यात बसतेय.

आई


१७ जानेवारी

घुबडबाई,

इमारत उभी राहिली! रंग झाला, टेबलं आली, जिन्याच्या वळणावर चहाचं यंत्र आलं. रसायनवाले आणि जीवशास्त्रवाले खरंच तिथे उभे राहून बोलताना बघितले मी. पावसापाण्यावरच बोलत होते, पण सुरुवात म्हणून वाईट नाही.

तुझं यंत्र बंदरावर येऊन खोक्यात पडलंय म्हणे. यंत्राच्या कंपनीची बाई पुढच्या महिन्यात खोली तपासायला येणार. तिनं खोली पास केली की खोकं उघडायचं, आणि मग तू. मी ह्या क्रमाची रोज मनात उजळणी करते.

घरीही तयारी केलीय. मधल्या खोलीत पलंग टाकलाय, गादी नवी भरून घेतली. केंद्राची राहायची सोय असेल तुला, माहीत आहे मला. पण असू दे एक गादी. पडदे मुद्दाम पातळ घेतलेत, उजेड अडायला नको म्हणून.

आता हे लिहिलं आणि वाचून बघितलं. खोडत नाही. तू माझ्यावर हसलीस तरी चालेल.

आई


९ फेब्रुवारी

खोली नापास झाली.

तुला अहवाल आला असेल, पण त्यात आकडे असतील, झालं कसं ते नसेल. तपासनीस बाई शांत, कामाशी काम ठेवणारी. खोलीच्या मधोमध तिनं आपली छोटी छोटी उपकरणं मांडली, दार लावलं आणि आम्हाला बाहेर बसवलं. जमीन पास झाली. आवाज पास झाला. तिनं माझ्या काँक्रीटच्या ठोकळ्याचं कौतुक केलं. मी हवावाल्याकडे विजयी मुद्रेनं बघितलं.

दुपार कलल्यावर तिच्या पडद्यावरची तापमानाची रेघ वर चढायला लागली. सावकाश, पण थांबेना. हवावाल्यानं आपली सगळी यंत्रणा तपासली, त्यात दोष नव्हता. मग मी आत गेले. खिडकीचा पडदा ओढलेला होता, तरी त्याच्या कडेनं जमिनीवर उजेडाची एक पट्टी पडली होती. ऊन होतं ते. उत्तरेच्या खिडकीतून ऊन!

पडदा बाजूला केला आणि मला दिसलं. अंगणापलीकडे माझ्या इमारतीचा दुसरा हात, अख्खा काचेचा, दक्षिणेकडे तोंड करून उभा. दुपारचं ऊन त्याच्यावर पडत होतं आणि तिथून उसळून सरळ तुझ्या खिडकीत शिरत होतं. सूर्य मी सगळीकडे तपासला होता. माझीच काच मात्र मी तपासली नाही. मला तिच्यातून आरपारच बघायची सवय. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे?

तपासनीस बाईंनी विचारलं, "ह्या प्रकारच्या खोलीला खिडकी असते का तुमच्याकडे?"

हवावाला बोलू शकला असता. त्याचे शब्द खरे ठरले होते. तो उपकरणांच्या पेट्या उचलायला तिला मदत करत राहिला. मीच म्हणाले, "नाही, नसते."

संचालक म्हणतात खिडकी बुजवून, भिंत आतून पुन्हा करून, हवेची यंत्रणा नव्यानं जुळवून परत चाचणी घ्यायला वेळ जाईल. मी त्यांना म्हणाले की मी रात्रंदिवस माणसं लावते. तू त्यांना थांबायला सांग. यंत्राला काय कळतं, खोक्यात पडून राहील. तू सांगितलंस तर ते ऐकतील.

हे पहिलंच पत्र ज्याचं मला खरंच उत्तर हवंय.

आई


३० एप्रिल

काल तुझा फोन आला. फोनवर मला काहीच धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. तूही वाचशील आता, निदान असं वाटतं.

यंत्र दुसऱ्या संस्थेला गेलं. खोक्यात राहिलं तर त्याचे नाजूक भाग बिघडतात, हे मला तू सांगितलंस तेव्हा कळलं. 'यंत्राला काय कळतं' असं मी लिहिलं होतं. ती संस्था दूरच्या शहरात, आणि त्यांच्याकडे एका जुन्या इमारतीचं तळघर रिकामं होतं. जाड दगडी भिंती, वर माती, खिडकीचा प्रश्नच नाही. तुझ्या आईनं जन्मभर ज्या तळघरांना नावं ठेवली, त्यांतलंच एक जिंकलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय?

"आई, मी रागानं जात नाहीये," तू म्हणालीस. "यंत्र जातंय तिकडे मला जावंच लागणार."

मी म्हणाले, "मी बुजवते ती. लगेच बुजवते."

"बुजव. दुसऱ्या कुणाच्या कामाला येईल."

"घरातलीसुद्धा बुजवते."

तू म्हणालीस, "मला खिडकीचा राग नव्हता गं. मी दारात उभी होते, बाबांची खोली होती, आणि तू मला उजेड किती छान येतो ते सांगत होतीस. बाबांना जाऊन महिना झाला होता. एकदा विचारलं असतंस तर मीच म्हणाले असते कदाचित, फोड. तू दार वाजवतच नाहीस, आई. कधीच वाजवलं नाहीस."

मी म्हणाले, जेवलीस का.

तू हो म्हणालीस आणि फोन ठेवलास. नंतर मी तशीच बसून राहिले. खूप रडले. हे लिहायला लाज वाटत नाही आता.

आई


२० जून

केंद्रातली खिडकी बुजवली. भिंत आतून नवी केली, हवावाल्यानं स्वतः उभं राहून करून घेतली. चाचणी कुणी मागितली नव्हती, तरी त्यानं तपासनीस बाईंना पुन्हा बोलावलं. खोली सगळ्यात पास झाली. सध्या तिथे सभागृहाच्या जादा खुर्च्या रचून ठेवल्यात.

काल मी तिथे गेले होते. एक खुर्ची काढून घेतली, दार लावलं, दिवा घालवला आणि बसले. बाहेरचा एकही आवाज येत नव्हता. इतकी वर्षं मला वाटायचं की अंधारात माणूस लपतो. तिथे बसल्यावर वाटलं, तुम्ही दोघं आत लपत नव्हतात, काम करत होतात. हे कळायला मला अख्खी इमारत बांधावी लागली, आणि कळून आता कुणाच्या उपयोगाचं नाही.

घरचं कामही आज संपलं. पलंग बाहेर काढला. गवंडी हसत होता. "बाई, लोक खिडक्या पाडून घेतात, तुम्ही बुजवून घेताय. तुम्ही इंजिनियर ना?" मी म्हणाले, आर्किटेक्ट, आमचं असंच असतं. गिलावा अजून ओला आहे, खोलीत चुन्याचा वास भरलाय. बाबांच्या फोटो धुवायच्या औषधांचा वास आता परत येणार नाही. लाल दिवा मी तेव्हाच टाकून दिला होता. खूप शोधला, तसा मिळत नाही.

जाता जाता त्याला दाराला कडी लावायला सांगितली.

"बाहेरून ना?"

"आतून."

"आतून? अहो, तुम्ही एकट्या. आत जाऊन कडी लावून घेतलीत आणि काही झालं तर?"

"माझ्यासाठी नाहीये ती."

"मग आत कोण असतं?"

मी त्याला म्हणाले, तुम्ही लावा. त्यानं लावली.

तो गेल्यावर दार लोटून मी बाहेर उभी राहिले आणि दार वाजवलं. आत कुणी नाही हे मलाच ठाऊक, तरी थांबले. कुणी ये म्हणालं नाही, म्हणून आत गेले नाही.

आई